जुळलेले आकडे

(दुपार. प्रयोगशाळेतली अरुंद खोली. खिडकीशी एक मायक्रोस्कोप. समोरासमोर बसून दोघांना एकाच वेळी पाहता येईल असा, दोन तोंडांचा. ताई डोळा लावून मोजते आहे. नवी दारात उभी.)

नवी: पण ही कालच वाचून झाली, ताई. एकशे सतरा नंबरच्या रुग्णाची स्लाइड परत कशाला लावलीत?

ताई: बोलू नकोस. पस्तीस... मोजताना कुणी बोललं की माझं चुकतं. तुझं चुकत नाही, ठाऊक आहे.

नवी: मी कुठे म्हटलं तसं?

ताई: तू कशाला म्हणशील? म्हणायला डॉक्टर आहेत. छत्तीस. सदतीस. ही वाजली काउंटरची घंटी. झाल्या पाचशे.

नवी: सदतीस काय?

ताई: गोट्या. काय म्हणजे? ब्लास्ट. रक्ताच्या कॅन्सरच्या कोवळ्या पेशी, दुसरं काय?

नवी: पाचशे पेशींत सदतीस ब्लास्ट? सात पूर्णांक चार टक्के होतात.

ताई: भागाकार मलाही येतो.

नवी: पण काल तुमचे पाच टक्क्यांच्या आत होते. माझेही. म्हणून तर जुळलं, आणि ‘रोग दबला’ म्हणून रिपोर्ट गेला. डॉक्टर त्याला आज चार वाजता घरी सोडतायत.

ताई: म्हणूनच विचारते. तू त्या एकवीस मोजल्यास त्या नेमक्या कुठे? मधल्या साफ पट्ट्यातच, की कडेलाही गेलीस? ब्लास्ट अंगाने मोठे असतात, कडेला जाऊन बसतात. सव्वीस वर्षं बघतेय मी त्यांना.

नवी: नागमोडी गेले. कडेपासून कडेपर्यंत, तुम्ही शिकवलंत तसंच. माझ्या स्लाइडवर हाडातल्या मॅरोचे कण कमी होते, म्हणून उलट जास्तच... ताई.

ताई: काय?

नवी: एकवीस तुम्हाला कसं कळलं?

ताई: म्हणजे?

नवी: रिपोर्टवर आकडा नसतो. आपण दोघी आपापला कागद लिफाफ्यात घालतो, वरच्या मजल्यावर आकडेवाल्या बाई तो उघडतात, आणि डॉक्टरांना फक्त ‘जुळलं’ किंवा ‘नाही जुळलं’ एवढंच कळवतात. एकवीस हा आकडा मला माहीत, आणि त्या बाईंना.

ताई: त्याच बोलल्या असतील मग. जिन्यात.

नवी: त्या? त्या स्वतःच्या नवऱ्याला स्वतःचं वय सांगत नाहीत.

ताई: ...लिफाफा तू चिकटवत नाहीस कधी. नुसता दुमडून माझ्या टेबलावर ठेवतेस.

नवी: वर पाठवायच्या आधी दोन्ही तुम्ही चिकटवता म्हणून. तुमच्यापासून काय चिकटवून ठेवायचं?

ताई: हेच. हेच तुझं मला आवडत नाही. एवढा भाबडेपणा बरा नव्हे माणसाला.

नवी: तुम्ही माझा कागद उघडून बघितलात.

ताई: बघितला.

नवी: काल?

ताई: कालही.

नवी: कालही म्हणजे? कधीपासून?

ताई: खाली बस आधी. उभी राहून विचारतेस, फौजदारासारखी.

नवी: मी अशीच ठीक आहे.

ताई: एकोणनव्वद नंबरचा रुग्ण आठवतो? तीन महिने झाले.

नवी: आठवतो. तुमच्या एकतीस, माझ्या एकोणीस. नाही जुळलं, म्हणून डॉक्टरांनी तिसरं वाचन केलं.

ताई: आणि त्यांच्या भरल्या वीस. सगळी खोली भरलेली होती. शिकाऊ पोरं, परिचारिका, तो फ्रीज दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा. डॉक्टरांनी डोळा न काढताच सांगितलं, “घार बरोबर आहे.” आणि मी एक पाऊल पुढे झाले. सवयीने गं! वीस वर्षं या खोलीत घार म्हणजे मी. त्यांनी मान वर केली ती तुझ्याकडे.

नवी: मला ते नाव नको होतं.

ताई: ते तर आणखी वाईट. मागून घेतलं असतंस तर निदान भांडता आलं असतं.

नवी: एकोणनव्वदची मॅरो सावरत होती, ताई. औषधांचा मारा संपला की निरोगी कोवळ्या पेशीही एकदम येतात, आणि दिसायला त्या ब्लास्टच्या सख्ख्या बहिणी. तुम्ही त्यातल्या दहा-बारा रोगट धरल्यात. कुणाचीही होते ती चूक.

ताई: कुणाचीही होते. माझी होत नव्हती. त्यानंतर डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलं नसशील. बाजूला घेऊन, अगदी मायेने म्हणाले, “ताई, एकदा डोळे तपासून घ्या.” शिवी दिली असती तर परवडली असती.

नवी: घेतलेत तपासून?

ताई: त्याच आठवड्यात. डोळ्यांना काही झालेलं नाही. म्हणजे जे झालंय ते दुसरीकडेच झालंय.

नवी: म्हणून माझा कागद बघायला लागलात.

ताई: आधी फक्त तुझी चूक धरायची होती. तू जेवायला गेलीस की लिफाफा उघडायचा, आकडा बघायचा, मग तुझ्या वाटची स्लाइड पेटीतून काढून मी स्वतः मोजायची. म्हटलं, कधीतरी सापडेलच. दीड वर्षाच्या अनुभवाची पोर, किती दिवस घसरणार नाही?

नवी: पण मी जेवून यायचे तेव्हा तुम्ही नेहमी डबा उघडून बसलेल्या असायच्या.

ताई: उघडून. खाल्लेला कधी पाहिलास का?

नवी: आणि कालची? सात टक्क्यांवरून पाचाच्या आत कशा आलात?

ताई: ...काल माझ्या सदतीस भरल्या. तुझा कागद उघडला तर एकवीस. म्हटलं, पुन्हा नाही जुळणार, पुन्हा तिसरं वाचन, पुन्हा खोली भरणार, पुन्हा मला कुणीतरी मायेने बाजूला घेणार. मी बावीस लिहिल्या.

नवी: बावीस.

ताई: एकवीसच लिहिल्या असत्या तर संशय आला असता.

नवी: तुम्ही काल माझी स्लाइड काढून बघितलीत?

ताई: नाही. काल धीर नाही झाला. काल पहिल्यांदाच मी तुझ्या आकड्यावर न बघता विश्वास ठेवला.

नवी: वा! नेमका काल!

ताई: ओरडू नकोस.

नवी: मी ओरडत नाहीये. तुम्हाला माहीत आहे का, या तीन महिन्यांत मला काय वाटत होतं? सुरुवातीला आपले आकडे दोन-चारने इकडेतिकडे असायचे. मग जुळायला लागले. दर महिन्याला आकडेवाल्या बाई तक्ता लावतात ना भिंतीवर, दोघींचं किती जुळलं त्याचा? मी त्याचा फोटो काढून घरी दाखवला. आईला म्हटलं, बघ, मला आता ताईंसारखं दिसायला लागलंय. आणि ते मी माझ्याशीच जुळत होते.

ताई: सगळ्या नाही गं. बदललेल्या थोड्याच आहेत. बाकी खरंच जुळलेल्या आहेत.

नवी: कुठल्या खऱ्या ते मला कसं कळणार?

ताई: माझ्याकडे वही आहे. जे खरं मोजलं ते मी वहीत लिहायचे, आणि जे द्यायचं ते कागदावर.

नवी: वही ठेवलीत?

ताई: खोटं लिहिलं म्हणून काय, मोजलेलं टाकून देऊ? सव्वीस वर्षांचा हात आहे.

नवी: ताई, दोन वाचणाऱ्या कशाला ठेवल्यात इथे? मी विचारते, तुम्ही सांगा. माझ्या पहिल्या दिवशी तुम्हीच मला विचारलं होतंत.

ताई: आता तू माझी परीक्षा घेणार.

नवी: या ट्रायलमध्ये निम्म्या लोकांना जुनं औषध एकटं देतात, निम्म्यांना जुन्यासोबत नवं. का? तर एकाच्या तावडीतून सुटलेली पेशी दुसऱ्याने धरावी. दुसरं औषध जर पहिल्याचंच काम पुन्हा करायला लागलं, तर ते देऊन उपयोग काय?

ताई: म्हणजे मी जुनं औषध. घे, म्हणून घे.

नवी: उलट. पहिला आकडा माझा होता, मागून तुम्ही आलात.

ताई: जीभ बरी चालते तुझी. इतके दिवस कुठे ठेवली होतीस?

नवी: सरका जरा, मला त्या बाजूने बघू दे. हं. हा मोठा, फिक्या निळ्या कडेचा. हा ब्लास्टच.

ताई: आणि त्याच्या उजवीकडे?

नवी: तोही. आणि तो खालचा... ही सावरणाऱ्या मॅरोतली कोवळी पेशी नाही. केंद्रक बघा ना, किती मोकळं आहे.

ताई: मी तीच गफलत पुन्हा करेन असं वाटलं तुला?

नवी: वाटलं होतं.

ताई: खरं बोलतेस हे एक बरं आहे. आता तुझी लाव. ती पेटीत आहे, ‘आ’ लिहिलेली. तेलाचा थेंब ताजा घाल, कालचा चिकट झाला असेल.

नवी: लावली. घ्या, बघा.

ताई: हं.

नवी: काय हं?

ताई: कण नाहीत हिच्यावर. लाल पेशीच लाल पेशी. ही मॅरो नव्हे, मॅरोत रक्त सांडलंय.

नवी: काल मी कागदाच्या तळाशी लिहिलं होतं, कण कमी म्हणून.

ताई: मी तळापर्यंत वाचलंच नाही. आकडा बघितला आणि कागद मिटला. थांब, मॅरो काढणाऱ्याची नोंद बघू. ही बघ. सुई पहिल्यांदा ओढली तेव्हा एका स्लाइडपुरतीच मॅरो आली. ती ‘अ’, माझ्याकडे आली. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा रक्त मिसळलं. ती ‘आ’, तुझ्याकडे.

नवी: म्हणजे माझ्या एकवीस बरोबर होत्या.

ताई: तुझ्या स्लाइडपुरत्या बरोबर. पातळ डाळीत वाटी बुडवून तू दाणे मोजलेस, आणि बरोबर मोजलेस.

नवी: आणि तुमच्या सदतीसही बरोबर.

ताई: हो. या वेळी मीही बरोबर होते. आणि मीच ते खोडलं.

नवी: आता वाजलेत सव्वादोन. चार वाजता तो जाणार. पाचाच्या आत म्हणजे दोन आठवडे घरी विश्रांती, मग हलका डोस. पाच किंवा वर म्हणजे लगेच दुसरा जोरकस डोस, इथेच राहून. दोन आठवड्यांत सात टक्क्यांचे किती होतील?

ताई: मला विचारू नकोस. मी असे वाढलेले पाहिलेत.

नवी: आणि यंत्रावरची तपासणी?

ताई: तिचा निकाल पुढच्या आठवड्यात. आजचा निर्णय आपल्या दोघींच्या कागदावर झालाय. ऐक. एक वाट आहे.

नवी: कुठली?

ताई: तू वर जा आणि म्हण, माझ्या स्लाइडवर कण नव्हते, मी नीट पाहिलं नाही, मला आकडा मागे घ्यायचाय. खोटंही नाही त्यात फारसं. ते लगेच तिसरं वाचन लावतील, दोन्ही स्लाइड बघतील, रोग सापडेल. माणूस वाचला. माझी वही माझ्या पिशवीत.

नवी: आणि मी नीट पाहिलं नाही असं होईल.

ताई: एकदाच. तुझं वय लहान आहे, चूक शोभून दिसते. माझ्या वयाला नाही शोभत.

नवी: तुम्हाला मनातून तेच हवंय, ना? की एकदा तरी डॉक्टरांनी म्हणावं, हिचं चुकलं. सांगा ना.

ताई: हो. म्हणजे, तो माणूस वाचावा असंही वाटतं. पण विचारलंसच तर हो. दोन्ही एकदम होत असेल तर काय वाईट, असं मनात आलं खरं.

नवी: मी एकवीसच मोजल्या. मी एकवीसच म्हणणार. आणि बाकीच्यांचं काय? तुम्ही आकडे बदललेत त्यांचं? जुनं औषध बरं की दोन्ही मिळून, हे आपल्याच आकड्यांवर ठरणार आहे. उद्या कुठल्यातरी गावातला डॉक्टर त्यावरून एखाद्या पोराला औषध लिहून देईल.

ताई: भाषण पुरे. फोन इकडे सरकव.

नवी: मी सांगू का त्यांना?

ताई: तू कशाला? चूकसुद्धा तुलाच देऊन टाकू का माझी? ...हॅलो. रक्तविभाग ना? डॉक्टरांना द्या. राउंडवर असू देत, राउंडवरून बोलवा. ...मी ताई. एकशे सतराला सोडू नका. नाही, कागद तयार असला तरी. ...नाही, फोनवर नाही सांगत. या तुम्ही.

नवी: काय म्हणाले?

ताई: येतायत म्हणाले. आवाज चढला होता. ती खुर्ची मोकळी कर.

डॉक्टर: (आत येत) काय झालं? तो माणूस बूट घालून बसलाय. मुलगी गाडी घेऊन निघालीसुद्धा. खालच्या फाटकाशी पोचली असेल.

ताई: त्याच्या ‘अ’ स्लाइडवर सदतीस आहेत. मी बावीस लिहिल्या.

डॉक्टर: सदतीसच्या बावीस? पेन घसरलं?

ताई: पेन नाही. मी हिचा कागद उघडून पाहिला आणि तिच्याशी जुळवून लिहिलं.

डॉक्टर: अगं, तुला माहीत होतं हे?

नवी: आत्ता कळलं. अर्ध्या तासापूर्वी.

ताई: तिचा काही संबंध नाही. तिच्या ‘आ’ स्लाइडवर रक्त मिसळलंय, तिने ते लिहिलंही होतं. तिचा आकडा बरोबर आहे.

डॉक्टर: हे एकदाच केलंत?

ताई: नाही. तीन महिने. बासष्ट स्लाइड्सना हिचा आकडा मी आधी बघितला. अकरांचा माझा आकडा बदलला. पाच टक्क्यांची रेघ ओलांडणारी ही एकच. बाकीच्या एक-दोन-तीनच्या फरकाच्या.

डॉक्टर: इतकं नेमकं कसं आठवतं?

ताई: लिहून ठेवलंय. ही वही.

डॉक्टर: खोटेपणाची पण नीट नोंद!

ताई: खरेपणाची. खोटं तुमच्या फायलीत आहे.

डॉक्टर: का, ताई?

ताई: ते तुमच्यासमोर सांगायचं नाही मला.

डॉक्टर: बरं. आधी मी स्लाइड वाचतो, मग रागावतो. दोन्ही एकदम जमणार नाही. ‘अ’ लावा. पडदा ओढा. पाऊण तास कुणी हलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. फोन करून सांगा, त्याला म्हणावं बूट काढून ठेव.

नवी: सांगते मी.

ताई: काउंटर शून्यावर आणलाय. घ्या.

(पाऊण तासानंतर.)

डॉक्टर: झालं. दिवा लावा. ‘अ’वर पस्तीस. ‘आ’वर वीस.

नवी: म्हणजे दोघींचंही बरोबर.

डॉक्टर: दोघींचंही. आणि ‘आ’ धरायची नाही, तिच्यात मॅरोच पुरेशी नाही. रोग आहे. तो राहील इथेच, दुसरा डोस उद्या सकाळी सुरू करतो. काल तुम्ही सदतीस लिहिल्या असत्या, ताई, तर हे सगळं कालच कळलं असतं. मला तुमचं जुळायला नको होतं.

ताई: तक्ता तर तुम्हीच लावता भिंतीवर. जास्त जुळलं की टाळ्या.

डॉक्टर: ...तो काढायला सांगतो. पण त्याने तुमचं माफ होत नाही.

ताई: मी कुठे मागितलंय?

डॉक्टर: या बासष्ट स्लाइड्स बाहेरच्या माणसाकडून नव्याने वाचून घ्याव्या लागतील. तुमची वही चालणार नाही, मला विश्वास असला तरी. ट्रायलच्या समितीला मी आजच लिहितो. आणि तुम्ही उद्यापासून या ट्रायलची एकही स्लाइड वाचायची नाही.

ताई: आजपासून म्हणा. अजून सहा आहेत ट्रेमध्ये.

डॉक्टर: आजपासून. रंग लावायचं, पेट्या लावायचं काम करता येईल. करायचं असेल तर.

ताई: नवीन पोरांना शिकवायचं?

डॉक्टर: ते मी आज नाही सांगू शकत.

नवी: त्याला आपण काय सांगायचं, डॉक्टर? एकशे सतराला?

डॉक्टर: आपण नाही, मी. तुम्हाला तो फक्त आकडा आहे, तसाच राहू द्या. त्याला सांगेन, दोन जणींनी पाहिलं, एकीला दिसलं, एकीला दिसलं नाही, मग मी पाहिलं.

ताई: हे खोटं आहे.

डॉक्टर: अर्धं. उरलेलं अर्धं त्याला समितीचं पत्र आल्यावर सांगेन, तुमचं नाव न घेता. आज त्याला एकच धक्का पुरे. वही द्या.

ताई: मागचं पान फाडून घेऊ? त्यावर बाकीचं आहे.

डॉक्टर: बाकीचं काय?

ताई: काही नाही. असू द्या.

नवी: गेले.

ताई: दार लावू नकोस, उघडंच राहू दे. तू बस इथे, मी पलीकडे पेट्या लावते. सहा स्लाइड्स आहेत तुझ्या, प्रकाश आहे तोवर उरक.

नवी: ताई, त्या मागच्या पानावर काय होतं?

ताई: तुझं खातं. माझी स्लाइड नव्हे, तुझी मोजून लिहिलेलं. तुझ्या चुकांचं.

नवी: बासष्ट स्लाइड्समध्ये किती सापडल्या?

ताई: एकसष्ट. कालची काढलीच नव्हती.

नवी: एकसष्ट चुका?

ताई: एकसष्ट स्लाइड्स गं. चूक एकही नाही. म्हणून तर रोज पुढची काढत गेले.